सर्व्हर बंद पडला तो मंगळवार

प्रियदर्शनी गजभियेने हिंजवडीतली नोकरी सोडली तेव्हा टीममधल्या सगळ्यांना वाटलं, ही आता परदेशात चालली. ती चालली होती शनिवार पेठेत.

निमित्त झालं आईच्या रक्ततपासणीचं. रिपोर्ट घ्यायला ती पेठेतल्या उकिडवे लॅबमध्ये गेली, तर काउंटरसमोर ही गर्दी. कुणाच्या कडेवर मूल, कुणी जिन्याच्या पायरीवर फतकल मारून बसलेलं. काउंटरवरची मुलगी येईल त्याला एकच सांगत होती, "सर्व्हर बंद आहे, थांबा."

"दुसरा सर्व्हर नाही का?" प्रियदर्शनीने विचारलं.

उत्तर आलं मागच्या खोलीच्या दारातून. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर असलेला पन्नाशीचा एक माणूस तिथे उभा होता.

"वडील किती आहेत तुम्हाला?" तो म्हणाला. "एकच ना? तसंच आहे हे."

गर्दी हसली. प्रियदर्शनी हसली नाही. "वडील आजारी पडले, तर भाजी दुसरं कुणीतरी आणतंच की," ती म्हणाली.

यावर तिच्या मागे कुणीतरी खळखळून हसलं. ती पूर्वा उकिडवे, लॅबच्या मालकांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी व्यवहार तिच्या हाती सोपवला होता आणि तेव्हापासून ती या एका सर्व्हरशी भांडत होती. "आत येता का? चहा घेऊ," ती म्हणाली.

त्या चहाला दोन तास लागले. लॅब डॉ. श्यामसुंदर उकिडवे यांनी उभी केलेली. तपासणी सगळी पेठेत. रक्त घ्यायची केंद्रं मात्र कर्वेनगरपासून वाघोलीपर्यंत पसरलेली. प्रत्येक पेशंटची नोंद, प्रत्येक मशीनचा आकडा मागच्या खोलीतल्या त्या एका यंत्रात. ते रुसलं की अख्ख्या पुण्यातली केंद्रं हात बांधून बसत. वाघोलीतल्या माणसाला तर सकाळी रक्त दिल्यावर रिपोर्ट संध्याकाळीच मिळायचा, कारण डॉक्टरांची सही पेठेतल्या एकाच कॉम्प्युटरवर होई.

"हे सगळं क्लाउडवर नेता येईल का?" पूर्वाने विचारलं.

प्रियदर्शनी सहा वर्षं तेच काम करत होती. कंपन्यांच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या खोल्यांतल्या यंत्रांमधून काढायच्या आणि मोठ्या, पहाऱ्यातल्या डेटा सेंटरमध्ये हलवायच्या. तिथे एक यंत्र पडलं तर दुसरं तत्काळ काम उचलतं, आणि इंटरनेट असेल तिथून परवानगी असलेल्या माणसाला ते वापरता येतं. पण तिने हलवल्या होत्या साता समुद्रापारच्या विमा कंपन्यांच्या नोंदी. त्यांच्या ग्राहकांपैकी एकाचाही चेहरा तिने पाहिला नव्हता. इथे दार उघडलं की ग्राहक समोर बसलेले, ताटकळलेले, चिडलेले. "येईल," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचं तिलाच जाणवलं की आपला आवाज चढलाय.

घरी विश्रांतवाडीला आल्यावर तिने वडिलांना सांगितलं. नागोराव भंडाऱ्याहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बदली होऊन आलेले आणि तिथूनच निवृत्त झालेले. पगार कमी होणार हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. नागोरावांनी मात्र एवढंच विचारलं, "कामात मन लागेल?"

"लागलंय, बाबा."

"मग आमची परवानगी कशाला मागतेस?"

*

डॉ. श्यामसुंदर पंचाहत्तरीचे. चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांच्या मानेला एक कायमचा बाक आला होता. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या पेशंटची माहिती ढगात. आणि अवकाळी आला की?"

हा विनोद प्रियदर्शनीने त्या आठवड्यात काउंटरवर, चहाच्या टपरीवर आणि पार्किंगमध्ये मिळून पुरेसा ऐकला होता. "सर, ढग नाही. मुंबईतली इमारत आहे. कुलूपबंद. आणि आपल्या माणसांशिवाय आतलं कुणाला वाचता येणार नाही, असं सगळं आपणच बंद करून पाठवतो."

"मुंबईत," डॉक्टर म्हणाले. "त्यापेक्षा ढग बरा होता." पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

खरी अडचण होती स्क्रू ड्रायव्हरवाल्या माणसाची. सुदर्शन पानसे. अठरा वर्षांपूर्वी ती मागची खोली त्यानेच उभी केली होती आणि तेव्हापासून तोच सांभाळत होता. प्रियदर्शनीने काही मागितलं की तो "बघतो मॅडम" म्हणे आणि बघत नसे. तिसऱ्या आठवड्यात ती वैतागून त्याच्या टेबलाशी गेली, तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "सगळं मुंबईला गेलं की मग माझं काय? आरत्या करू त्या रिकाम्या खोलीत?"

या प्रश्नाचा तिने विचारच केला नव्हता, आणि याची तिला लाज वाटली. हिंजवडीत असा प्रश्न विचारणारी माणसं दुसऱ्या देशात असायची.

त्या रविवारी जेवताना तिने ते वडिलांजवळ बोलून दाखवलं. नागोराव म्हणाले, "आमच्या शॉपमध्ये कॉम्प्युटरवाली लेथ आली तेव्हा मीही महिनाभर तोंड फुगवून होतो. इंजिनिअर रोज येऊन मला समजवायचा. त्याने आणखी राग यायचा. तू त्याला समजवू नकोस. काहीतरी अवघड काम दे."

सोमवारी तिने पानशांसमोर खुर्ची ओढली. "पानसे सर, नवीन यंत्रणेची चाचणी कर्वेनगर आणि वाघोली केंद्रावर सुरू होतेय. मला ती पाडणारा माणूस हवाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाडायची. वायर काढा, खोटे पेशंट घाला, ऐन गर्दीत इंटरनेट बंद करा. मला आधी सांगायचं नाही. कुठे तुटतं ते शोधायचं. तुमच्याइतकं या लॅबवर वैतागलेलं दुसरं कुणी नाही."

पानशांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "परवानगी लेखी देणार?"

"देते."

त्यानंतर दीड महिना पानसे एखाद्या व्रात्य मुलासारखे वागले. ते वाघोलीला स्कूटरवर जात आणि न बोलता राउटरचं बटण दाबून येत. एकाच दिवशी त्यांनी एकाच वयाच्या तीन विमलाबाई जन्माला घातल्या आणि नवीन यंत्रणेने दोघींचे रिपोर्ट अदलाबदल केले, तेव्हा ते जिना चढून वर आले आणि दारातूनच ओरडले, "पडली! पडली तुमची!" प्रियदर्शनीने टाळ्या वाजवल्या. दोघांनी बसून ती चूक दुरुस्त केली: यापुढे नाव नव्हे, नळीवरचा बारकोडच पेशंटची ओळख. वाघोलीचं इंटरनेट गेलं तेव्हा नोंदी हरवल्या, म्हणून तिथे मोबाइलचं सिमकार्ड असलेलं दुसरं जोडणीयंत्र बसलं. वाघोलीची सोनाली, रक्त घेणारी मुलगी, हिनेही एक मागणी केली. "ताई, हितं निम्मी हॉस्टेलची पोरं हायत. फोन कधी लागत न्हाई त्यांचा. रूममेटचा नंबर लिहायला एक जागा करा की." जागा झाली.

संध्याकाळी घरी जाताना प्रियदर्शनी आणि पानसे आता जिन्यातच अर्धा अर्धा तास बोलत उभे राहत. विषय एकच. उद्या काय पाडायचं.

पेठेतली मुख्य लॅब हलवायचा दिवस ठरला होता. गणपती होऊ देत, मग एका रविवारी, सगळं बंद असताना. दरम्यान डॉक्टर बाथरूममध्ये घसरले आणि पाय मोडून कर्वेनगरच्या घरी प्लास्टरमध्ये अडकले. सह्या करायला दुसऱ्या डॉक्टर होत्या, पण मुख्य डॉक्टर घरात अडकल्याने सगळा भार त्यांच्यावर आला. आणि शहरात डेंगी वाढत होता. सकाळी लॅब उघडायच्या आधी रांग रस्त्यावर आलेली असे.

*

तो मंगळवार होता. दुसऱ्या डॉक्टर भाच्याच्या बारशाला कोल्हापूरला गेलेल्या. पूर्वा काउंटरवर स्वतः उभी राहून गर्दी आवरत होती. आणि सकाळच्या ऐन घाईत मागच्या खोलीतून एक लांब, चिरका आवाज सुरू झाला.

पानसे धावले. प्रियदर्शनी त्यांच्या मागे. सर्व्हरवरचे दिवे लाल झाले होते. पानशांनी एक बटण दाबलं, मग दुसरं, मग वायर काढून परत लावली. आवाज थांबला आणि पंखाही थांबला. एरवी सर्व्हर रुसला तरी पंखा फिरत असे; अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत शांतता झाली.

"गेला," पानसे म्हणाले. त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

बाहेरून पूर्वा आली. "किती वेळ?"

"माणूस बोलवायचा, डिस्क मागवायच्या. उद्या संध्याकाळ. झालं तर."

"बाहेर ताप आलेली माणसं उभी आहेत, पानसे. मशीनवर नळ्या चढल्यात."

तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. प्रियदर्शनी ती बोलली. "आत्ता नेऊ. सगळं. नवीन यंत्रणेत सगळ्या जुन्या नोंदींची प्रत दर काही मिनिटांनी जातेच आहे. दोन केंद्रं त्यावर चालतायत. पेठ बाकी आहे, ती जोडू."

"भरदिवसा? एवढ्या गर्दीत?" पूर्वाने विचारलं. पण तिचे डोळे चमकत होते. "बाबांना विचारायला हवं. सही त्यांचीच लागणार."

फोन स्पीकरवर लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्यांनी त्या बंद केल्या.

"तुम्ही तयार आहात का, हे मी विचारणार नाही," ते म्हणाले. "तयार आहोत असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एक सांगा. चूक झाली, तर ती कळेल का? की चुकीचा रिपोर्ट गुपचूप पेशंटच्या हातात जाईल?"

प्रियदर्शनीने तोंड उघडलं, पण पानशांनी फोन हातात घेतला. "कळेल, सर. दीड महिना मी तेवढंच बघतोय. मला ती आतापर्यंत दोनदाच फसवता आली, आणि दोन्ही वाटा आता बंद आहेत."

डॉक्टर म्हणाले, "पानसे, तुम्ही एखाद्या गोष्टीची स्तुती केल्याचं मला आठवत नाही. करा सुरू. आणि पूर्वा, माझ्यासमोर ते पाटीसारखं काय आणून ठेवलंयस, ते चालू कसं करायचं ते तुझ्या आईला फोनवर सांग."

मग सगळं एकदम सुरू झालं. पूर्वा काउंटरच्या स्टुलावर चढली आणि तिने रांगेला खरं काय ते सांगितलं: जुनं यंत्र बंद पडलंय, नवीन जोडतोय, तासभर लागेल, ज्यांना बसवत नाही त्यांनी आत पंख्याखाली यावं. तक्रार करायला तोंड उघडलेले एक गृहस्थ पुन्हा खाली बसले. प्रियदर्शनी लॅबमध्ये एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे जात होती. प्रत्येक मशीनच्या शेजारी एक छोटा कॉम्प्युटर असे, तो आकडे सर्व्हरला पाठवी. आता त्याला नवा पत्ता द्यायचा होता. पहिला जोडला. दुसरा जोडला. तिसऱ्याने नकार दिला. पुन्हा पत्ता टाकताना तिला दिसलं, घाईत एक टिंब राहिलंय. ते टाकलं आणि तोही जोडला गेला. एवढ्या घाईतही तिला हसू येत होतं.

अडचण होती मधल्या काही मिनिटांची. शेवटची प्रत गेल्यानंतर आणि सर्व्हर मरायच्या आधी जे पेशंट नोंदले गेले, ते नवीन यंत्रणेला ठाऊकच नव्हते. त्यांच्या नळ्या मात्र स्टँडवर उभ्या होत्या. पानशांनी खुर्ची ओढली, नळ्या एकेक उचलून बारकोड वाचू लागले. यंत्रणा ज्याला ओळखे त्याला ती हिरवा ठिपका दाखवी. जिथे ठिपका उमटेना, ती नळी ते बाजूला ठेवत, पूर्वा बाहेर जाऊन त्या नावाने हाक मारी, माणूस आत येई, आणि प्रियदर्शनी त्याची नोंद नव्याने करी.

"सीताराम वानखडे," पानशांनी एक नळी उचलून वाचलं. "हिरवा. ही वाघोलीची आहे."

"मग ती आधीच नवीन यंत्रणेत आहे. जाऊ द्या मशीनवर."

शेवटची नळी जुळली तेव्हा पानसे खुर्चीत मागे रेलले. प्रियदर्शनीने मशीन सुरू करायची खूण केली. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. पडदा रिकामा. तंत्रज्ञ मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "येतंय का?" आणि पहिली ओळ उमटली. हिमोग्लोबिन. मग दुसरी. मग ओळींवर ओळी भराभर खाली सरकू लागल्या, आणि त्या छोट्या खोलीत असा काही आरडाओरडा झाला की बाहेरची रांग उठून दारात आली.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"मुलगा झाला!" पानसे म्हणाले.

*

कर्वेनगरमध्ये डॉक्टर पलंगावर उशांना टेकून, प्लास्टरचा पाय लांब करून, टॅबवर रिपोर्ट बघत होते. तक्रारी फोनवरून सतत चालू होत्या. अक्षरं लहान आहेत. बोट लावलं की पान उडतं. ही सही आहे की गिरगोटी. पण रिपोर्ट एकामागून एक सुटत होते; पेठेतले, कर्वेनगरचे, वाघोलीचे, सगळे एकाच पलंगावरून.

मग एका रिपोर्टवर त्यांचं बोट थांबलं.

"प्रियदर्शनी," थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, आणि तो आता वेगळा होता. "यादीत हा लाल झालाय तो मुलगा. वानखडे. प्लेटलेट अकरा हजार. पुन्हा मोजायला सांग."

नळी पुन्हा मशीनवर गेली. आकडा तोच आला. तंत्रज्ञ मुलीने काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिलाही प्लेटलेट जेमतेमच दिसल्या. एरवी हा कागद छापून संध्याकाळच्या गठ्ठ्यात वाघोलीला गेला असता. आता दुपार व्हायची होती. डॉक्टरांनी टॅबवरचा केंद्राचा नंबर पाहिला आणि स्वतः फोन लावला. प्रियदर्शनीही त्या फोनवर जोडलेली होती.

"सोनाली, मी उकिडवे. वानखडे नावाचा मुलगा आला होता, कसा होता?"

"लई थकल्याला होता, सर. हिरड्यांतून रक्त येतंय म्हनत होता. इंजिनिअरिंगचा हाय, वाशिमकडचा. रूमवर गेला झोपायला."

"त्याला झोपू द्यायचं नाही. दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

सीतारामचा फोन बंद होता. सोनालीने स्वतःच्या फोनवरून रूममेटचा नंबर लावला. तो कॉलेजात प्रॅक्टिकलला; पण त्याने इमारत सांगितली, मजला सांगितला, आणि "मी पण निघतो" म्हणाला. सोनालीने केंद्रातल्या मदतनीस बाईंना काउंटरवर बसवलं आणि स्कूटी काढली. केंद्राचा फोन चालूच होता, पेठेत तो स्पीकरवर होता. पेठेतल्या लॅबमध्ये सगळ्यांना नगर रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, मग जिन्यावरची तिची धाप, मग दार वाजवल्याचा आवाज. बराच वेळ नुसता दार वाजवल्याचाच आवाज.

पूर्वाने प्रियदर्शनीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"उघडलं," सोनाली म्हणाली. "उघडलं ताई. उभा हाय. चल रे दादा, चप्पल घाल."

जवळच्या रुग्णालयात डॉक्टरांनी आधीच फोन केला होता. सीताराम तिथे पोचला तेव्हा रक्तपेढीकडे प्लेटलेटची मागणी गेलेली होती. तो वाचला. पुढच्या आठवड्यात त्याचे आईवडील वाशिमहून आले आणि सोनालीला भेटायला केंद्रावर गेले. आईने तिच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

पण ते नंतर. त्या दुपारी पेठेतली रांग ओसरली, तेव्हा कुणी जेवलेलं नाही हे लक्षात आलं. पूर्वाने मिसळ मागवली. पूर्वाच्या ऑफिसातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे उभ्यानेच जेवायला लागले आणि एकदम सगळेच बोलायला लागले. तंत्रज्ञ मुलीला मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी बघायचे होते. साखरेच्या पेशंटला स्वतःचा चढउतार दाखवता येईल का? येईल, प्रियदर्शनी म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ज्येष्ठांना घरीच नंबर देता आला तर? तोही देता येईल. फोनवरून सोनालीने विचारलं की डेंगी कुठल्या सोसायटीत वाढतोय ते आपल्याला आधी कळेल का, म्हणजे ती जाऊन लोकांना सांगेल. प्रियदर्शनीच्या हातातला पाव तसाच राहिला. याचा विचार तिने केला नव्हता. आधी नावं काढून टाकावी लागतील, ती म्हणाली, डॉक्टरांची आणि महापालिकेची परवानगी लागेल. पण हो, जमेल. ती इतक्या घाईने बोलत होती की पूर्वाने तिला पाण्याचा ग्लास दिला.

पानसे एका कोपऱ्यात फोनवर बोलत होते. ते परत आले तेव्हा चष्मा कपाळावर होता. "बायकोला सांगितलं, उद्यापासून मी वेगवेगळ्या केंद्रांवर जाणार. उरलेली सगळी जोडायची तर पाडून बघायला कुणीतरी लागेल ना?"

"लागेल, सर," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि नंतरही. रोज."

"मग एक अट. या पाडून बघण्याचं एक शिक्षण असतं म्हणे, परीक्षा असते. मला ती द्यायची आहे. तुम्ही पुस्तकं सांगा. शिकवायला मात्र येऊ नका, मी कुणाचं ऐकत नाही."

पूर्वाने फी लॅब भरेल असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन वाजला. डॉक्टर उकिडवे.

"मुलाला प्लेटलेट चढवतायत, आत्ताच बोललो," ते म्हणाले. "आता ऐक. ही पाटी फार लहान आहे. मोठी आण. आणि चाळीस वर्षांच्या काचपट्ट्या लॅबच्या खालच्या खोलीत कपाटात आहेत माझ्या, दुर्मीळ केसेस. त्यांचे फोटो यावर चढवता येतील का? सोलापूरची, लातूरची शिकाऊ मुलं घरबसल्या बघतील. मी पलंगावरून शिकवीन. प्लास्टर निघायच्या आत सुरू करू, नंतर मला वेळ नसतो."

"उद्या सकाळी येऊ का, सर?"

"उद्या कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आज काय करतेयस?"

प्रियदर्शनीने हात पुसले, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि जिना उतरायला लागली. मागून पानसे हाका मारत आले. ते येणारच होते, काचपट्ट्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती.